दोरी हातात असताना

२ जून, सोमवार

दादा,

तीर्थरूप वगैरे लिहिणार नाही. नुसतं 'दादा' लिहितेय तेच उपकार समज. तेही दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं, कारण दुसरं काय लिहायचं ते सुचेना.

तू फोन उचलत नाहीस. दारात आले की वहिनी आतून कडी लावतात. कॉम्प्रेसरवाल्या काकांजवळ निरोप ठेवायला गेले तर म्हणाले, "मला ह्यात ओढू नका, मला आधीच कमी ऐकू येतं." म्हणून हे पत्र.

मला काय हवंय ते आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचे कष्ट नकोत. अठरा तारखेला चिमणीच्या हाताचं दुसरं ऑपरेशन आहे. मला तिच्याजवळ बसायचंय. एवढंच. चार महिने झाले, मी त्या पोरीचं तोंड पाहिलेलं नाही. सख्खी आत्या आहे मी तिची, रस्त्यावरून उचलून आणलेली नाही.

आणि त्यासाठी तुला एक काम करावं लागेल. घरी खरं सांगावं लागेल. नऊ फेब्रुवारीला पोरीला बंदराच्या धक्क्यावर कोणी आणलं, ते.

वहिनींना तू सांगितलंस, "तीच म्हणाली, आण पोरीला, मी बघते." मी म्हणाले? मी? पंधरा वर्षं जिने दोरी हातात असताना गालावरचा डास मारला नाही, ती म्हणेल, पोर आण, मी बघते? खोटं बोलायचं तर जरा पचेल असं तरी बोलायचंस.

तू वहिनींना आपलं काम कधी नीट सांगितलेलंच नसणार. म्हणून इथे लिहून ठेवते. त्यांच्या हाती हे पत्र पडलं तर पडू दे. तू खाली गढूळ पाण्यात, जिथे स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. तुझ्या कमरेला दोरी, दुसरं टोक माझ्या हातात. एक ओढ म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोड. तीन म्हणजे वर घे. आणि सलग झटके म्हणजे अडकलोय, धाव. हवा कॉम्प्रेसरमधून जाते, ते काकांचं काम. माझं काम दोरी. दंडाला लाल फडकं बांधलं की धक्क्यावरचं कोणीही माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचं झालं तर काकांना सांगायचं, काकांना वाटलं तर ते मला सांगणार. हा नियम तुझाच.

त्या रविवारी वहिनींची कारखान्यात जादा पाळी होती. मासेमारीच्या एका बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं होतं आणि बोटवाल्याला घाई होती. तू पोरीला घेऊन आलास. माझ्या मागे दोन हातांवर उपडं खोकं ठेवलंस, तिला त्यावर बसवलंस, चित्रांची वही दिलीस आणि मला म्हणालास, "जरा लक्ष असू दे हिच्याकडे."

जरा! माझ्या दंडाला फडकं बांधून झालं होतं, दादा. तुझ्या कमरेची गाठ माझी दोनदा तपासून झाली होती. आणि तू म्हणतोस, जरा.

मला काही ऐकू आलं नाही. कॉम्प्रेसर धडधडत होता आणि तू खाली अडकला होतास, सलग झटके येत होते. मी डॉक्टरांना हेच सांगितलं, वहिनींनाही हेच सांगितलं. आता तुलाही लिहून देते.

अठरा तारखेच्या आधी घरी खरं सांग. मी वाट बघतेय.

तुझी बहीण (तुला आवडो न आवडो)


५ जून, गुरुवार

दादा,

उत्तर पोचलं. काकांनी बिचाऱ्यांनी मान खाली घालून सांगितलं. "तो म्हणाला, तिला सांगा, दगडाला मी बहीण म्हणत नाही."

वा. दगड.

ह्या दगडाला घडवला कोणी? चौदा वर्षांची होते मी. बाबा गेले, तू त्यांचं काम उचललंस आणि दोरी धरायला माणूस नव्हतं. परका माणूस तुला नको होता. म्हणालास, "परक्याच्या हातात मी जीव देणार नाही, तू शीक." मला वाटलं, केवढा मान! मी चार घरं सांगत सुटले होते.

आणि मग परसातला तो उन्हाळा. मी दोरीचं एक टोक धरून भिंतीकडे तोंड करून उभी, दुसरं टोक भिंतीपलीकडे तुझ्या हातात. तू ओढायचास, मी मोजायचं आणि उत्तर द्यायचं. हे सोपं होतं. मग तू आईलाच कामाला लावलंस. आई माझ्या पाठीमागे येऊन ओरडायची, "अगं बाई, पडले!" मी वळले की तू नेमका त्याच क्षणी ओढायचास आणि माझी ओढ चुकायची. "झालं," तू पलीकडून म्हणायचास, "मेलो मी. पुन्हा पहिल्यापासून." ओळीने दहा वेळा न वळता जमल्याशिवाय जेवायला आत जायचं नाही. "आग लागली!" "साप! साप!" "तुझी मैत्रीण आलीय!" आईला आधी वाईट वाटायचं. नंतर तिलाही मजा यायला लागली. 'वळते का, वळते का' असं नावच पडलं त्या खेळाला.

एके दिवशी आई खरंच पायरीवरून घसरली आणि मी वळले नाही. आठवतंय? तिचा घोटा सुजून हा एवढा झाला. ती विव्हळत होती आणि तू भिंतीवरून उडी मारून आलास, आणि आधी कोणाकडे गेलास? माझ्याकडे. माझी पाठ थोपटलीस. म्हणालास, "आता तू तयार झालीस."

आईच्या घोट्याला पट्टी बांधता बांधता मी हसत होते. इतका आनंद झाला होता मला.

त्यानंतर पंधरा वर्षं. किती वेळा खाली गेलास ते मी मोजलेलं नाही, तूही नाही. एक ओढ चुकली का माझी? एक तरी? लग्न ठरत आलेल्या मुलाने धक्क्यावर येऊन हाक मारली, मी वळले नाही, तो परत गेला तो गेलाच. तू त्यावर वर्षभर विनोद करत होतास. मीही हसत होते. दगड तेव्हा बरा चालला तुला. तुझी दोरी धरून असला की तो भरवशाचा, आणि तुझ्या घरच्याला लागलं की तो दगड.

आता माझं काय चाललंय ते तुला विचारायचं नसेलच, तरी सांगते. एका दुकानात लागलेय, पार्सल खिडकीवर. तिथे एकाच वेळी फोन घ्यायचा, पावती फाडायची, रांगेतल्याशी गोड बोलायचं आणि मागे खोकी मोजायची. मी एका वेळी एकच करते. खोकी मोजताना फोन वाजला तर वाजतो. मालकीण काल म्हणाली, "अहो ताई, जरा आजूबाजूला बघत जा, इथे काय तपाला बसला आहात का?" सगळे हसले. मला तोंड वर करून सांगावंसं वाटलं, बाई, ज्यांच्याकडे बघून मी हे शिकले त्यांना जाऊन विचारा. पण पुन्हा पहिल्यापासून खोकी मोजायला लागले.

तारीख अठरा आहे. विसरू नकोस.


९ जून, सोमवार

दादा,

उत्तर नाही. बरं. मग हे घे. हे मी लिहिणार नव्हते.

पहिल्या पत्रात एक खोटं आहे. दोन आहेत.

तू अडकला नव्हतास. सलग झटके वगैरे काही नव्हतं. एक ओढ आली होती, सावकाश, नेहमीची. ठीक आहे. तू जाळं कापत होतास, तुझं बरं चाललं होतं, आणि मी दोरीला एक ओढ देऊन 'कळलं' म्हटलं होतं.

आणि मला ऐकू आलं होतं.

तीन हाका. "आत्या, मी पडले!" मग नुसतं "आत्या!" मग पुन्हा एकदा "आत्या", पण ते पाण्यातून आल्यासारखं. कॉम्प्रेसर धडधडत होता हे खरं. पण दोन हातांवरच्या पोरीची हाक ऐकू न यायला मी काही काका नाही.

का वळले नाही ते तुला माहीत आहे. सगळ्या जगात फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि तू त्यावर चार महिने बसून आहेस.

कारण त्या सकाळी, डोक्यावर हवेचा टोप चढवायच्या आधी, तू पोरीच्या कानात काहीतरी सांगितलंस. ती खुदकन हसली. मग तू मला डोळा मारलास. आणि तू खाली जाऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच मागून आवाज: "आत्या, आग!" मी गप्प. "आत्या, साप आला, मोठ्ठा!" मी गप्प, पण मनात हसतेय. "आत्या, मी पडले! आत्या, मी बुडाले! आत्या, मला बोटीने नेलं!" एकेक नवीन युक्ती. खोक्यावरून उतरायची, ओरडायची, पुन्हा चढून बसायची आणि स्वतःशीच हसायची. वीस-पंचवीस वेळा तरी झालं असेल. मी एकदाही वळले नाही. आणि खरं सांगू? मला अभिमान वाटत होता. माझा आणि तिचाही. वाटलं, पोरगी बेरकी आहे, हिला शिकवलं तर माझ्यानंतर ही दोरी धरेल.

आणि मग तिने तेच ओरडून सांगितलं जे आधी सहा वेळा ओरडली होती. "आत्या, मी पडले."

तिचा पाय पायऱ्यांवरच्या शेवाळावरून गेला. डावा हात पायरी आणि बोटीच्या कडेमध्ये आला. बोट लाटेबरोबर आत येत होती आणि बाहेर जात होती. एका खलाशाने उडी मारून तिला ओढली. तिला उचलून माझ्या पाठीमागून नेली, दादा. माझ्या पाठीला त्याच्या कोपराचा धक्का लागला. कोणीतरी काकांना सांगितलं. काकांनी माझ्या दंडावरच्या फडक्याकडे बघितलं आणि ठरवलं, हिला आत्ता कळलं तर ही दोरी सोडेल, माणूस वर आल्यावर सांगू. काकांना मी दोष देत नाही. त्यांनी तुझा नियम पाळला. त्या धक्क्यावरचा प्रत्येक माणूस तुझा नियम पाळत होता.

अकरा मिनिटांनी तीन ओढी आल्या. मी तुला वर घेतलं. तुझा टोप काढला. तुझी नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तुझा चेहरा बदलला. तेव्हा मी वळले. खोकं रिकामं होतं, वही ओली झाली होती आणि पायरीवर रक्त होतं.

तू मला पहिला शब्द काय म्हणालास ते वहिनींना सांगितलंस का? "लक्ष कुठे होतं तुझं?"

माझं लक्ष कुठे होतं! तुझ्यावर होतं रे. जिवाचा कान करून तुझ्यावरच होतं. पंधरा वर्षं दुसरीकडे गेलंच नाही. माझ्याकडे एकच होतं, ते मी सगळं तुला दिलं. त्यातलं 'जरा' काढून पोरीला कसं देऊ? ते तू मला शिकवलं नाहीस. उलट ते येऊ नये म्हणून उपाशी ठेवलंस.

आणि तरी. आता हेही लिहिते, कारण अर्धं लिहून थांबायची मला सवय नाही. तिसरी हाक वेगळी होती. मला कळलं होतं की ती वेगळी आहे. कळलं आणि माझ्या मानेने हलायचं नाकारलं. दोरीवर एक ओढ होती, 'ठीक आहे' म्हणणारी. दोरी डाव्या हातात घेऊन मी नुसती मान वळवली असती तर तू मेला नसतास. एवढं सोपं होतं. मी वळले नाही ते तुझ्यासाठी नाही. मी वळले नाही कारण न वळण्यात मी पहिली आले होते आणि मला पहिलंच राहायचं होतं.

हे माझं आहे. हे मी कोणाच्या डोक्यावर फोडणार नाही. आता तुझं तू उचल. तू तिला आणलंस, तू तिला खेळ शिकवलास, आणि तू मला दोन कामं दिलीस. ही तीन वाक्यं. वहिनींसमोर बसायचं आणि म्हणायचं. एका दमात होतात, मी म्हणून बघितलं आहे.


१३ जून, शुक्रवार

दादा,

आज दुपारच्या सुट्टीत धक्क्यावरून गेले. मुद्दाम गेले, खोटं कशाला बोलू. फाटकाच्या बाहेरून बघितलं.

दोरी कोणाच्या हातात दिली आहेस रे? वहिनींच्या भावाच्या? मेव्हणेबुवा दोरी मनगटाला गुंडाळून खुंट्यावर बसले होते, एका कानाला फोन, आणि दुसऱ्या हाताने पलीकडच्या माणसाला हातवारे करून कसलीशी गोष्ट सांगत होते. दोरी सैल. पाण्यावर पडली होती, पाण्यावर! मी उभ्या उभ्या मोजलं. सहा मिनिटं त्या माणसाने खाली पाहिलं नाही. लाल फडकं बांधलं होतं, ते मात्र अगदी झोकात, गाठीचं फूल करून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फाटक ओलांडून जावं आणि त्याच्या कानाखाली काढावी असं वाटलं. मग वाटलं, का जाऊ? मी कोण? मी दगड. दगडाने फाटकाबाहेर राहावं.

तू जाणूनबुजून करतोयस हे, मला कळतं. परक्याच्या हातात जीव देणार नाही म्हणणारा तू, आता जो समोर येईल त्याच्या हातात देतोयस. स्वतःला शिक्षा करून घेतोयस का? ही शिक्षा फार सोयीची आहे, दादा. खाली काळोखात कोणी प्रश्न विचारत नाही. वर येऊन वहिनींच्या डोळ्याला डोळा भिडवणं जड जातं म्हणून हा शूरपणा चाललाय.

निदान दोरी मनगटाला गुंडाळू नको म्हणावं त्याला. तू सरकलास तर त्याचा हात जाईल. त्या घरात आणखी एक हात जायला नको.

बुधवारी अठरा तारीख. मी येणार आहे. कडी लावलीत तर बाहेर बसेन. दवाखान्याचा जिना कोणाच्या बापाचा नाही.


१८ जून, बुधवार
दवाखान्यात, दुपारी सव्वातीन

दादा,

हे पत्र टपालात टाकणार नाही. वहिनी तुझ्या हातात देतील आणि तू वाचेपर्यंत समोरून हलणार नाहीत. तसं त्यांनी कबूल केलं आहे, आणि त्या कबूल केलेलं करतात हे मला काल कळलं.

काल संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या. हातात पिशवी, पिशवीत माझी चारही पत्रं, फोडलेली. तू एकही फोडलं नव्हतंस, म्हणजे ते दगडाचं उत्तरही न वाचताच दिलंस. कपाटावर टाकत गेलास आणि त्या मागोमाग वाचत गेल्या. नवव्या तारखेचं पत्र तर हाताळून हाताळून मऊ पडलं होतं.

त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "वन्सं, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तिसऱ्या हाकेचं वाचलं तेव्हा तर वाटलं, येऊन तुमचे केस उपटावेत. पण तुम्ही लिहिलंत. ह्या माणसाने चार महिने माझ्या ताटाला ताट लावून जेवताना लिहिलं नाही की बोलला नाही. उद्या सकाळी सातला या."

मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाल्या, "आता रडारड नको, मला पाळी गाठायचीय." आणि गेल्या.

सकाळी सातला आले तर तू नाहीस. म्हणे बोटीचं काम अडलंय. पोरीला ऑपरेशनला आत नेतायत आणि बापाला बोटीचं काम अडलंय! वहिनी काही बोलल्या नाहीत. मी बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही, दवाखान्याचा कागद आहे.

ऑपरेशन नीट झालं. दोन बोटं वळतील, तिसऱ्याचं डॉक्टर अजून सांगत नाहीत. हात उशीवर उंच ठेवायचा आहे, खाली येऊ द्यायचा नाही, म्हणून खाटेजवळच्या खुर्चीत एक माणूस सतत हवं. सकाळपासून मी बसले आहे. वहिनी मधे दोन तास झोपल्या, जमिनीवरच, चादर अंथरून.

साडेबाराला चिमणी जागी झाली. मला वाटलं ओळखणार नाही, तोंड फिरवेल. मला बघून तिने पहिली गोष्ट काय विचारली सांगू?

"आत्या, तू अजून रागावली आहेस?"

मी म्हटलं, "मी? तुझ्यावर? कशाला गं?"

"मी खोटं खोटं ओरडत होते ना. खूपदा. म्हणून मग खरं ओरडले तेव्हा तू आली नाहीस."

ती हळू आवाजात, वहिनी झोपल्यात का ते बघत, पुढे म्हणाली, "आईला नको सांगूस हं. बाबा म्हणाले, खेळाचं कुणालाच सांगायचं नाही. आपल्या दोघांचं गुपित. आईला कळलं तर आई रडेल."

चार महिने, दादा. सहा वर्षांची पोर चार महिने हे धरून बसली आहे. पट्टी बदलताना, रात्री हात ठणकताना, शाळेतली मुलं हाताकडे बघत असताना, ही मनात म्हणतेय, माझ्यामुळे झालं. आणि ते कोणाला सांगायचं नाही, कारण तू सांगितलंस. तुझं तोंड काळं होऊ नये म्हणून तू त्या एवढ्याशा पोरीच्या तोंडाला कुलूप घातलंस. मला दगड म्हणालास ते मी सोडून दिलं, जा. मी सांगितलं म्हणून तू पोरीला आणलंस हे खोटंही सोडून दिलं. हे सोडणार नाही. हे मी मरेपर्यंत सोडणार नाही. लाज वाटू दे तुला. तू माझा बाप असतास तरी मी हेच लिहिलं असतं.

मी तिला माझं सांगितलं. म्हटलं, "ऐक, चिमणे. तुझी शेवटची हाक मला ऐकू आली होती. ती खरी आहे हे मला कळलंही होतं. तरी मी वळले नाही. ती माझी चूक. मोठ्या माणसाची. तुझी नाही."

तिच्या कपाळावर तुझ्यासारखी आठी पडली. मग म्हणाली, "मग बाबांनी गुपित का ठेवलं?"

मी उत्तर दिलं नाही. येत नव्हतं म्हणून नाही, चांगलं येत होतं, जिभेवर होतं. पण हे उत्तर मी दिलं तर तू पुन्हा सुटलास. मी सांगितलं, वहिनींनी सांगितलं, सगळ्यांनी सांगून झालं, आणि तू आपला खाली जाळं कापतोयस. म्हणून मी म्हटलं, "ते बाबांनाच विचार. बाबा संध्याकाळी येतील."

"नक्की?"

"नक्की," म्हणाले मी. तुझ्या नावावर शब्द देऊन बसले आहे.

वहिनी आता उठल्या आहेत. हे पत्र घेऊन त्या थेट धक्क्यावर येतायत. दोरी त्यांच्या भावाच्या हातात असेल, तेव्हा तुला वर घ्यायला त्या त्याच्या हातून ती काढून घेतील, तीन ओढी देऊन 'वर ये' कसं सांगायचं ते मी दाखवलंय.

मला ह्या खुर्चीत बसायचं होतं. त्यासाठी मी चार पत्रं लिहिली, दाराबाहेर उभी राहिले, तुझं नको ते ऐकून घेतलं. आज सकाळपासून बसले. तिच्या केसांत हात फिरवला, तिला पाणी पाजलं, तिच्या बोटांची टोकं गरम आहेत का ते दर पाच मिनिटांनी पाहिलं. आता ती झोपली आहे. डॉक्टर म्हणाले, पाचच्या सुमाराला उठेल.

पाचला पाच कमी असताना मी उठून जाणार आहे, उशीवरच्या हाताकडे बघायला नर्सला सांगून ठेवलंय. तू आलेला असशील तर खुर्ची तुझी. नसशील तर पोर डोळे उघडून रिकामी खुर्ची बघेल, आणि तिचा प्रश्न तिच्या तोंडात तसाच राहील.